सातवी पथारी

परवा मुलगा सांगत आला, की त्याने एका थंड हवेच्या गावी खोली घेतली आहे, पण वर्षातल्या एकाच आठवड्यापुरती. बाकीचे आठवडे दुसऱ्यांचे. खोलीत माणसं किती राहायची तेही ठरलेलं, एक डोकं जास्त झालं की तिथला माणूस तोंड वाकडं करतो म्हणे. त्याला वाटलं, आईला काहीतरी नवलाईचं सांगतोय. मी म्हटलं, बाबा रे, हे सगळं मी परकर नेसायच्या वयात पाहून बसलेय, तेही सारंगखेड्याच्या यात्रेत.

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याहून बैलगाडीने सकाळभराच्या वाटेवर. आमच्या समाजातल्या गावांनी मिळून यात्रेच्या जागी, नदीच्या अंगाला, ओळीने कौलारू खोल्या बांधल्या होत्या. खोली कुणा एकाची नव्हती. यात्रेचे पहिले काही दिवस आमच्यासारख्या घरांचे, मग आम्ही गाड्या जुंपायच्या आणि दुसऱ्यांनी बैल सोडायचे. एका खोलीत एक घर आणि सात पथाऱ्या, असा नियम. पथारी म्हणजे गोधडी-उशीची वळकटी, जमिनीवर पसरलेली.

नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो किल्लीवाल्या आबाच्या जिभेवर होता. आबा म्हणजे खोल्यांची किल्ली सांभाळणारा म्हातारा. गाडीतून वळकट्या उतरू लागल्या की पायरीवर उभा राहून तो मोठ्याने मोजायचा, आणि दिवेलागणीनंतर कंदील घेऊन खोलीखोलीतून पुन्हा मोजायचा. एका वर्षी त्याने कुठल्याशा पाटलाच्या मेव्हण्याला वळकटीसकट बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. सूट होती ती एकच. आईच्या पथारीवर निजलेलं लेकरू मोजायचं नाही. कंदिलाचा उजेड लेकरावर पडला की आई हळूच म्हणायची, "पोर निजेल शे," म्हणजे पोर झोपलेलं आहे. आबा कंदील खाली घ्यायचा आणि पुढे जायचा. ते तीन शब्द मला पाठ होते, कारण वर्षानुवर्षं ते माझ्याविषयी म्हटले जायचे.

मात्र म्हणायची ती आई नव्हे, फुई. फुई म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आमच्या खोलीतली सातवी पथारी तिची, आणि तिच्यावर मी. यात्रेचं मला आठवतं ते सगळं त्या पथारीवरून आठवतं. मार्गशीर्षाचं धुकं झरोक्यातून आत यायचं, तापीचा गार ओला वास यायचा, आणि बाहेर बांधलेले बाजाराचे घोडे रात्रभर मान हलवायचे तशा त्यांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा वाजायच्या. अर्धवट झोपेत मला वाटे, घोडेच आमची खोली ओढत नदीवरून नेताहेत. फुईला सांगितलं तर ती म्हणायची, "नेऊ दे. आपन पथारीवरच शेतस ना." आणि पाय माझ्या पायांत गुंतवून झोपून जायची.

मग फुईचं लग्न झालं. आमच्यात लग्न करून दिलेल्या मुलीची पथारी सासरच्या खोलीत मोजायची. सासरच्या गावाचा वाटाही त्याच ओळीत होता, दोन दारं सोडून. त्या वर्षी ती तिकडे निजली आणि मी आईच्या कुशीत फुगून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली, एकटीच, भर दुपारी, पायी. काय झालं ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. हसायची कमी झाली होती. कोपराच्या वर भाजल्याचा डाग होता. विचारलं तर म्हणायची, भाकरी टाकताना लागलं. मी तेव्हा भाकरी टाकायला नुकती शिकत होते. कोपराच्या वर भाजायला भाकरी कशी टाकावी लागते, हे मला काही केल्या उमगेना.

पावसाळाभर ती ओसरीत बसून माझ्यासाठी गोधडी शिवत होती. सातवी जागा रिकामी झाली होती, ती या यात्रेपासून मला द्यायची असं घरात ठरलं होतं. स्वतःची पथारी! मी गावभर सांगत सुटले होते. गोधडीत आजीचं जुनं लुगडं होतं, काकूच्या चोळीचा हिरवा तुकडा होता, आणि मधोमध फुईच्या लग्नातल्या शालूची लाल पट्टी होती. गोधडी वाढतच चालली तेव्हा आई म्हणाली, "इतली मोठी कशाले? पोर केवढीशी शे."

"वाढी ना ती," फुई म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

यात्रेला निघताना फुईही गाडीत बसली. तिने वळकटी घेतली नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि मोठी माणसं असं काही विसरतात असं मला वाटत नव्हतं. बाकीच्यांच्याही लक्षात आलं होतं. वाटेत आजोबांनीच मला समजावून सांगितलं, किंवा फुईला ऐकू जावं म्हणून मला सांगितलं. सासरच्यांनी निरोप धाडला होता. त्यांच्या खोलीत सुनेची पथारी टाकून ठेवतो, तिने येऊन निजावं, मागचं विसरावं. आमच्याकडे अशी भांडणं यात्रेत अशीच मिटायची. रुसलेली सून एकदा का सासरच्या खोलीत निजली, की यात्रा संपल्यावर ती त्यांच्याच गाडीत बसायची. मग पुढे कुणी काही विचारत नसे.

मी फुईकडे पाहिलं. ती धुक्यात काहीतरी शोधत होती. ब्राह्मणपुरी गावाकडच्या गाड्या आमच्या मागेपुढे चालल्या होत्या, बैलांची नुसती शिंगं दिसत होती. तिने माझा हात धरला होता, आणि तो इतका गच्च की बोटं दुखायला लागली. मला रडू येत होतं. यात्रा कधी येऊच नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आबा पायरीवर उभा होताच. आजोबांची, आजीची, वडिलांची, आईची, काकांची, काकूची, मग माझी. "सात व्हयनात," तो म्हणाला आणि फुईकडे वळला. "तुन्ही पथारी?"

"मन्ही पथारी नही शे, आबा."

दोन दारांपलीकडून तिचा सासरा पुढे आला. पांढरं पागोटं, मऊ आवाज. "सूननी पथारी आम्हना खोलीमा टाकेल शे," तो म्हणाला. दार उघडंच होतं. आत भिंतीकडेला कोरी करकरीत गादी घातलेली मला पायरीवरून दिसली. एवढी चांगली गादी आमच्या घरात कुणाकडे नव्हती.

वडील बैलाच्या गळ्यातली दोरी सोडत राहिले. ते गाडीत झोपू शकले असते, काकाही झोपू शकले असते, पण तसं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनाच वाटत होतं, आबाच्या नियमाने परस्पर काम होतंय तर बरंच आहे, आपल्याला वाईटपणा नको. मला त्या वेळी माझ्या वडिलांचा फार राग आला. अजूनही थोडा येतो.

फुई म्हणाली, "मी आंडेरना जोडे निजसू." आंडेर म्हणजे लेक, तिच्या जोडे म्हणजे तिच्याजवळ. ती माझ्याविषयी बोलत होती.

"पोरं मायनी पथारीवर निजतस," आबा म्हणाला. "त्यासले मी मोजत नही."

"मंग मले बी मोजू नका."

कुणीतरी हसलं. आबा हसला नाही. तो किल्ली कमरेला खोचत म्हणाला, "दियाबत्तीले दखसू," म्हणजे दिवेलागणीला पाहू. सासरा आपल्या दारात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत ते दार उघडंच होतं.

दिवस कसा गेला ते नीट आठवत नाही. पाळण्यात बसले, शेव खाल्ली, पण सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. अंधार पडू लागला तशी मी सगळ्यांच्या आधी खोलीत शिरले आणि माझी गोधडी उलगडली. ती उलगडतच गेली. भिंतीपासून आईच्या पथारीपर्यंत पोचली, आणि मला कळलं की ती माझ्या मापाची नाहीच. पावसाळ्यापासून ती दोघींसाठी शिवली जात होती. शालूची लाल पट्टी बरोबर मधोमध आली होती.

फुई पलीकडच्या अर्ध्यावर येऊन आडवी झाली. आजी काही बोलणार होती, आईने तिच्या हातावर हात ठेवला. एकेक पथारी भरली. मग बाहेर कंदील हलताना दिसला.

आबा दारातून आत आला आणि मोजू लागला. मागे पागोटंही दिसत होतं. फुईने गुडघे छातीशी घेतले, तोंड माझ्या कुशीत खुपसलं. इतकी मोठी फुई इतकी लहान होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी गोधडी तिच्या कानापर्यंत ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, ती माझ्या पाठीवर ठेवायची तसा.

उजेड आमच्यावर येऊन थांबला. लाल पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन डोकी आबाला दिसली असणारच.

मी हळूच म्हटलं, "पोर निजेल शे."

आबाने कंदील खाली घेतला. "सात," तो म्हणाला, आणि बाहेर पडताना दार ओढून घेतलं.