आमच्या मंडळाच्या खोलीतली सुई

चाळीत एक सोय असते. एखादी वस्तू टाकवत नसली की गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची, कुणी विचारत नाही. माझ्याकडे किस्स्यांचं तसंच झालंय. एकेक ठेवत गेलो आणि आता पाय टाकायला जागा नाही! म्हणून आज थोडे बाहेर काढतो.

आमची चाळ लालबागची. तळमजल्यावरच्या गणपती मंडळाच्या खोलीची चावी माझ्याकडे असते, कारण गिरणी गेल्यापासून तात्या कुठे जात नाही हे सगळ्यांना ठाऊक. महिन्यातून एकदा तिथे लहान पोरांना लस देतात. आम्ही त्याला 'सुईचा दिवस' म्हणतो. सुर्वे सिस्टर बर्फाचा डबा घेऊन येतात. मी बाकडी मांडतो, पंखा लावतो, रडणाऱ्या पोरांना मखराच्या चमक्या दाखवतो. शाळा माझी दुसरीतच सुटली, त्यामुळे सिस्टर काय बोलतात ते सगळंच कळतं असं नाही. पण लोक सिस्टरशी काय बोलतात ते नीट कळतं. आणि तेच कळू नये असं वाटतं हो!

*

पहिला मान दाजींचा. दाजी माझे गिरणीतले जोडीदार, खोलीही शेजारची. मुलाने जुना मोबाईल हातात दिला तेव्हापासून दाजी निम्मे डॉक्टर झालेत.

एका सुईच्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून आले. "सिस्टर, ह्या लसीत म्हणे चिप असते. माणूस कुठे जातो ते वर कळतं!"

सिस्टरचे हात कामात. मान वर न करता म्हणाल्या, "दाजी, तशी चिप असती ना, तर ऑफिसने पहिली आम्हाला बसवली असती. कोण कुठे चहा पितंय ते बघायला!"

सगळ्या बाया हसल्या. दाजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

संध्याकाळी चाळीच्या ग्रुपवर दाजींचा मेसेज: 'चिप आधी नर्सना बसवणार. खुद्द सिस्टरनी सांगितलं!'

*

काळाचौकीची एक बाई होती. बाळाला घेऊन यायची, बाकड्यावर बसायची आणि नंबर आला की उठायची. "नवऱ्याला विचारून येते."

पुढच्या महिन्यात आली. "नवरा म्हणतो, आईला विचार. सासू गावी. तिकडे रेंज नाही."

त्याच्या पुढच्या महिन्यात हसतच आली. सासूने म्हणे थेट गावच्या देवाला कौल लावला होता. उजवा कौल आला, म्हणजे देव हो म्हणाला! सिस्टरनी घाईघाईने कापूस काढला. म्हटलं, देवाच्या वर आता कोण आहे?

तेवढ्यात बाईचा मोबाईल वाजला. नवरा होता. ती ऐकत राहिली आणि मग बाळाला टोपडं घालायला लागली.

"काय झालं गं?"

"ते म्हणतात, कौल लावताना कुठली कंपनी ते सांगितलं होतं का?"

*

एकदा सुईच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर विसरलेला डबा न्यायला आल्या, तर एक तरणाताठा गडी तावातावाने खोलीत शिरला. "काल माझ्या पोराला टोचलंत आणि रात्रीपासून ताप आलाय! जबाबदार कोण?"

सिस्टर शांत. "दादा, काल तुम्हाला बसवून सांगितलं होतं ना, ताप येईल, घाबरू नका म्हणून?"

"सांगितलं होतं."

"तापाची गोळीही दिली होती. किती द्यायची तेही सांगितलं. दिलीत?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, तुम्ही सगळ्यांना असंच सांगत असाल!"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

*

पोलिओच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरबरोबर जिने चढायला मीही जातो. डोस पाजला की पोराच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात, म्हणजे पुन्हा तेच घर नको.

मागच्या गल्लीत एका काकूंनी दार अर्धंच उघडलं. "आमच्या नातवाला कालच बूथवर पाजलं."

"बोट दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी पोराचा हात फटीतून बाहेर काढला. खूण होती. चांगली काळीकुट्ट, नखापासून खालपर्यंत ओढलेली. सिस्टर त्या हाताकडे बघतच राहिल्या.

"काकू, ही तर्जनी आहे."

"मग?"

"तुमच्या नातवाने पोलिओ घेतलेला नाही. मतदान केलंय!"

काकूंनी दार लावून घेतलं. मतदाराचा मात्र आतून हसण्याचा आवाज आला.

*

ही झाली साधी माणसं. त्यांचा राग येतो आणि जातो. शिकलेल्यांचं काय करायचं?

आमच्याच दुसऱ्या मजल्यावरचा नितीन माझ्या डोळ्यांसमोर वाढला. आता कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बायको प्रज्ञा, आई शेवंतावहिनी आणि लेक ओवी. नऊ महिने झाले की गोवरची सुई देतात. ओवीचे ते केव्हाच उलटले. दर सुईच्या दिवशी प्रज्ञा तिला कडेवर घेऊन दारापर्यंत यायची आणि परत जायची.

"तात्या, मला द्यायचीय हो," एकदा हळूच म्हणाली. "पण विषय काढला की हे मला रात्रभर व्हिडिओ दाखवतात."

मी नितीनला जिन्यात गाठलं.

"तात्या, गोवर नॅचरल असतो. येतो, जातो. शरीर तयार होतं. तुमच्या वेळी कुठे होत्या लसी? जगलात ना तुम्ही?"

"मी जगलो रे," मी म्हटलं. "माझ्या पाठची बहीण गोवरातच गेली. ओवीएवढीच होती."

तो थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

"सॉरी तात्या. पण एका घरावरून डेटा होत नाही."

आणि ऑफिसला गेला.

*

आता शेवटचा.

पलीकडच्या चाळीत गोवर आला. एक पोरगं तर छाती भरून इस्पितळात गेलं. सिस्टर घरोघर सांगून गेल्या. प्रज्ञाने ओवीला गॅलरीत आणणं बंद केलं. घरातून भांडणाचे आवाज यायचे आणि मग टीव्ही मोठा व्हायचा. शेवंतावहिनी त्या भांडणात कधी बोलायच्या नाहीत. भाजी निवडत बसायच्या.

एका बुधवारी दुपारी दाजी माझ्या दारात आले. नाक वर करून हुंगत होते. "तात्या, शेवंताकडे फोडणी नाही."

खरंच नव्हती. वहिनींची लसणीची फोडणी म्हणजे मजल्यावरचं घड्याळ, आणि बुधवारी वर बांगड्याच्या तिखल्याचा झणझणीत वास. आज काहीच नाही. बाहेर जाऊन बघतो तर दाराला कडुलिंबाचा डहाळा!

आमच्याकडे गोवर म्हणजे देवी. देवी घरात आली की दाराला कडुलिंब लावतात. फोडणी नाही, मासळी नाही, सगळं उकडलेलं खायचं. मला पुढे दार वाजवायचा धीर होईना. दाजींना मात्र धीर लागत नाही. ग्रुपवर मेसेज गेला: 'दुसऱ्या मजल्यावर देवी. पोर लहान आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.'

अर्ध्या तासात नितीन जिना चढत आला. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच, शर्ट घामाने भिजलेला. डहाळा बघून तिथेच चौकटीला धरून उभा राहिला.

"आई! ओवी... कधीपासून?"

ओवी आतून रांगत आली आणि बापाच्या बुटाची लेस तोंडात घातली. गोरीगोमटी, ठणठणीत. नितीन खाली बसून तिचं पोट बघतो, पाठ बघतो, कानामागे बघतो. एक पुरळ नाही.

"हिला तर काहीच झालेलं नाही!"

"नायच झाला," वहिनी आतून म्हणाल्या.

"मग हा पाला कशाला?"

"तूच म्हणतंस मा, सुई नको, देवी येवन जातली? मगे येतलीच. आयत्या वेळी पथ्य जमाचा नाय. म्हणान आतापासून सवय."

"आई, काहीतरीच काय! लोकांना काय वाटेल?"

"जेवन घे," वहिनी म्हणाल्या आणि उकडलेला दुधी त्याच्या पुढ्यात ठेवला.

प्रज्ञा ओट्याकडे तोंड करून उभी होती. हसू दाबताना खांदे हलत होते.

पुढच्या सुईच्या दिवसापर्यंत त्या घरात फोडणी पडली नाही. नितीनने बाहेरून बिर्याणी मागवली तर वहिनींनी डिलिव्हरीवाल्याला दारातून हात जोडले, "देवीचा घर आसा बाबा!" तो पाकीट जिन्यावर ठेवून पळाला.

सुईच्या दिवशी मी बाकडी मांडत होतो. बघतो तर नंबरात पहिला नितीन, कडेवर ओवी, आणि मागे प्रज्ञा. सिस्टर फक्त "दंड घट्ट धरा" एवढंच म्हणाल्या. सुई लागली आणि ओवीने असा काही सूर लावला की अख्खी चाळ हलली.

नितीन तिला खांद्यावर घेऊन अंगणात आला, थोपटत, डोळे पुसत. तिचे की स्वतःचे, मी बघितलं नाही.

वरच्या गॅलरीत शेवंतावहिनी कठड्याला टेकून उभ्या होत्या. ओवीचं रडणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग हात लांब करून दारावरचा डहाळा काढला आणि खाली हाक मारली,

"नितीन! तसोच फुडे जा आणि बांगडे घेवन ये रे!"