अढीच्या खोलीतली किंकाळी

११ मे २०२४, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. जर्मनीतल्या एका ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशअर्जासोबत स्वतः गायलेल्या रचनेचे सलग, न कापलेले मुद्रण मला पाचपर्यंत पाठवायचे होते. अट एकच: शांततेच्या जागी आवाज पस्तीस डेसिबलच्या वर जाता कामा नये.

रचना जुन्या जर्मन नाटकावर बेतलेली. तुरुंगातली स्त्री पहाटेची वाट पाहत अर्धे बोलते, अर्धे गाते आणि दहाव्या मिनिटाला किंचाळते. मग दहा सेकंद शांतता, आणि शेवट. पेंढ्यात आंबे पिकत घालायची, अढीची खोली मी आवाज मोजून निवडली होती; चिऱ्याच्या भिंती आणि पेंढा मिळून आवाज एकतीसवर उतरत होता.

शेजारच्या काकूंना मात्र मी हिशेबात धरले नव्हते. किंकाळी ऐकताच त्यांनी दाराबाहेर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले.

“बा देवा म्हाराजा, पोरीला भर दुपारचं काय बाधलं असेल तां दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज आईचा होता.

मी दार उघडले. “आई, तुला सगळं सांगितलं होतं ना?”

“होतं. पण गाऱ्हाणं चालू असताना गप्प कसं राहायचं?”

ही नाटकातली बाई आहे, असे मी काकूंना समजावले.

“तुरुंगात आहे म्हणतेस? मग तिच्यासाठी घालू काय?”

“नको!”

दुसरे मुद्रण मीच बिघडवले. या गायनात सुराला स्पर्श करून तो तत्क्षणी सोडायचा असतो. माझा आवाज त्याला चिकटून राहिला. तीन आठवडे सुरांचे आलेख काढूनही न साधलेली ती घसरण काकूंच्या प्रत्येक ‘म्हाराजा’त होती. हे कळल्याने माझी चिडचिड वाढलीच.

चार एकेचाळीसला काकूंना मी आतच, पेंढ्याशेजारी बसवले. बाहेर त्यांचा भरवसा नव्हता.

“चकार शब्द नको.”

“नाय गो बाय.”

या वेळी सूर त्यांच्यासारखे सोडत गेले. किंकाळी झाली. शांततेच्या सातव्या सेकंदाला काकू डोळे मिटून पुटपुटल्या, “सोडव रे तिला म्हाराजा.”

दाराला कान लावलेल्या आईने लगेच साथ दिली, “व्हय म्हाराजा.”

पाचला आठ मिनिटे उरली होती आणि रचना अकरा मिनिटांची. तेच मुद्रण पाठवले. अर्जात शांततेतल्या कमाल आवाजाचा रकाना होता. त्यात जे मोजले तेच लिहिले: त्रेचाळीस डेसिबल.