वंदनाताईंची सोबत

कुठल्याही गरोदर बाईच्या घरी पहिल्यांदा गेल्या, की वंदनाताई खुर्ची नाकारायच्या. पलंगाशेजारी खाली बसायच्या, बाईचा हात हातात घ्यायच्या आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "पाहा बाप्पा, मी डॉक्टर नाई, नर्स नाई, सुईन बी नाई. हिचं बीपी मी कमी करू शकत नाई. लेकराची ग्यारंटी देऊ शकत नाई. मी फक्त हिच्याजवळ राहीन." माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायची. एका सासूबाईंनी सरळ विचारलं होतं, "मंग तुमी आल्या कायले?"

"ती आत एकटी राहू नये म्हनून," वंदनाताई म्हणाल्या.

हे काम त्यांनी पन्नाशीत शिकून घेतलं. त्याआधी त्या अकोल्यात बायकांना स्कूटी शिकवत. कॉलेजात असताना मीही त्यांच्याकडेच शिकले. पदर खोचून त्या सीटमागचा दांडा धरून मैदानात आमच्यामागे धावायच्या आणि ओरडायच्या, "पाय कायले टेकवतं वं? गाडी थांबली का अजून?" आम्ही हसायचो. त्यांना राग यायचा नाही. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि त्यांची एकुलती एक मुलगी सोनल. सोनललाही त्यांनी त्याच मैदानात गाडी शिकवली होती.

सोनल पहिल्याच बाळंतपणात गेली. सातव्या-आठव्या महिन्यात तिचं बीपी एकदम चढलं, झटके आले. सासरच्या गावाहून तालुक्याला, तिथून अकोल्याला, असं तिला हलवण्यात वेळ गेला. ती गेली, बाळही गेलं. वंदनाताई दाराबाहेर उभ्या होत्या. सगळं आटोपल्यावर दवाखान्यात काम करणाऱ्या मावशी त्यांच्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, पोट्टी तुमचंच विचारत होती. आई आली का, आई आली का, एवढंच."

वंदनाताईंनी डॉक्टरांना कधी दोष दिला नाही. "त्यायनं केलं जे करता येत होतं ते," असं म्हणायच्या. पण त्या मावशी जे बोलून गेल्या, ते त्यांच्या डोक्यातून हललं नाही.

वर्षभराने त्या माझ्याकडे आल्या. मी तेव्हा अकोल्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांनी मोबाईल पुढे केला. जोखमीचं गरोदरपण असलेल्या बायकांसाठी डूला होण्याचा कोर्स होता, घरी बसून करायचा. डूला म्हणजे गरोदरपणात आणि कळा सुरू असताना बाईच्या सोबतीला राहणारी, त्यासाठी शिकलेली बाई. हा शब्द आमच्याकडे कोणी ऐकलेला नव्हता. माझ्या आईने विचारलं, "डूल? कानातले?" वंदनाताई म्हणाल्या, "हो, कानाजवळच बसाचं असते."

ऑनलाइन वर्गातल्या बाकी मुली मोठ्या शहरांतल्या, भराभर इंग्रजी बोलणाऱ्या. वंदनाताई शाळा सुटल्यावर माझ्या घरी यायच्या आणि मी त्यांना धडे मराठीत सांगायचे. कंबर कशी दाबायची, कळ आली की श्वास कसा घ्यायला लावायचा, कोणती लक्षणं दिसली की बाकी सगळं सोडून दवाखाना गाठायचा. एके दिवशी मी वाचत होते: डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुन्ना वाच."

मी वाचलं.

"सोनलनं मले फोनवर सांगतलं होतं, डोकं लय दुखून राहिलं म्हने. मी म्हटलं, बाम लाव अन् झोप."

मी मोबाईल खाली ठेवला. त्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चाल, पुढचं सांग."

परीक्षा झाली, पण प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष बाळंतपणांना हजर राहणं गरजेचं होतं. अकोल्यात त्यांनी जिथे जिथे विचारलं, तिथे तिथे नकार मिळाला. आत नातेवाईकच सोडत नाहीत, तुम्हाला कसं सोडणार? शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. वंदनाताई बसने अमरावतीला जायच्या, काम झालं की बसने परत. प्रमाणपत्र आलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, फ्रेम करून सोनलच्या फोटोजवळ लावा. त्यांनी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. "तिले काय दाखवू?" एवढंच म्हणाल्या.

मधल्या काळात माझं लग्न झालं, मी अमरावतीला आले. दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यातच माझं बीपी वाढलं. वंदनाताई दर आठवड्याला येऊ लागल्या. माझे पाय चेपायच्या, भीती वाटते म्हटलं की "भीती वाटू दे, ती बी बसली राहीन एका कोपऱ्यात" म्हणायच्या. सातव्या महिन्यात एका सकाळी बाळाची हालचाल जाणवेना. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं.

तरीही कळा देऊन बाळंत व्हायचं होतंच. त्या दुपारी वंदनाताई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. "आता सुटशील," "देवाची मर्जी," असलं काही त्या बोलल्या नाहीत. मुलगी झाली. खोलीत काहीच आवाज नव्हता, आणि मला माहीत असूनही मी विचारलं, "रडली का?"

"नाई वं," त्या म्हणाल्या. "नाई रडली."

सासूबाईंनी दाराशी येऊन निरोप दिला, तिला दाखवू नका, जन्मभर डोळ्यांपुढून जायचं नाही. वंदनाताईंनी बाळाला माझ्याच सुती ओढणीत गुंडाळलं होतं. "लेकरू तिचं हाये. तिले पाहू द्या," त्या म्हणाल्या आणि तिला माझ्या हातात दिलं. मी तिचे केस पाहिले, नखं पाहिली. सासूबाई म्हणाल्या ते खरंच होतं, ती डोळ्यांपुढून गेली नाही. पण तिला पाहिलं नसतं तर मी कशी जगले असते, ते मला ठाऊक नाही.

वंदनाताईंकडे सगळ्या अशाच बायका यायच्या. पूर्वी बाळ गेलेल्या, बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या. त्यातल्या काहींच्या वाट्याला वाईट येणारच होतं. लोकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. ती बाई घरात आली की वाईट होतं, असं कोणीतरी म्हटलं आणि ते गावोगाव फिरलं.

मोर्शीकडची प्रणिता नावाची मुलगी होती. आधीची दोन बाळं गेलेली. वंदनाताईंनी तिला महिनोन् महिने सांभाळलं. कळा सुरू झाल्या तशी तिला अमरावतीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे आणलं. वंदनाताईंनी मला फोन केला, म्हणून मीही दवाखान्यात गेले. दाराशी प्रणिताचा सासरा आडवा उभा होता.

"तुमी बाहेरच बसा, बाई. आमाले रिस्क नाई घ्याची."

"मले नका येऊ देऊ, पन तिच्या आईले तरी जाऊ द्या आत."

"कोनीच नाई जात."

त्या बाकावर बसल्या. दार उघडलं की आतून प्रणिताची हाक ऐकू यायची, "ताई, कुठं हाव तुमी?" वंदनाताई अर्ध्या उठायच्या. दार बंद व्हायचं. मी भांडायला निघाले, तर माझं मनगट धरून त्यांनी मला खाली बसवलं.

संध्याकाळच्या आत बाळ झालं. मुलगा, ठणठणीत. प्रणिताही सुखरूप. घरच्यांनी पेढे वाटले. तिची चुलतसासू आम्हाला ऐकू जाईल असं बोलली, "पाहा, बाई बाहेर राहिली तं सारं नीट झालं."

वंदनाताईंनी पेढा घेतला आणि खाल्ला. "पोराले गरम ठेवा," त्या म्हणाल्या. प्रणिताला कोणी सांगितलं नाही, की त्या सगळा वेळ बाहेर होत्या. ताई आल्याच नाहीत, असंच तिला वाटलं.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनीही हात टेकले. नातेवाईक ऐकत नाहीत, म्हणाल्या. फोन येईनासे झाले. मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "वंदनाताई, या वेळीही तुम्हीच हव्यात."

"मले नको बोलावू."

"लोकांच्या बोलण्याचं काय घेऊन बसलात? माझ्या मनात तसं काही नाही."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुह्या मनात नाई, मले मालूम हाये. माह्या मनात येऊन राहिलं ना, मनीषा."

मी खूप विनवलं. त्या आल्या नाहीत. अकोल्याचं घर सोडून तेल्हाऱ्याला भावाकडे राहायला गेल्या.

मला मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर मी तिला घेऊन तेल्हाऱ्याला गेले. वंदनाताईंनी चहा केला, माझ्या शाळेतल्या नोकरीची चौकशी केली, माझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्याही तिच्याकडे बघत होत्या, पण दाराच्या चौकटीपाशी उभं राहून. निघताना मी मुलीला उचलून त्यांच्यापुढे धरलं.

वंदनाताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"दुरून बरी दिसते," त्या म्हणाल्या. "जा आता, बस निघून जाईन."