बॅटरीवरचा क्रोशाचा रुमाल

माझ्या आईला पेन्हालोंगा गावात सगळे माई सेकाई, म्हणजे सेकाईची आई, म्हणतात. सेकाई म्हणजे मी. तिचा हट्ट माझ्यात उतरलाय, तिचं विणकाम मात्र नाही. आमच्या घरात रेडिओवर, खुर्च्यांवर, माठावरसुद्धा तिचे क्रोशाचे रुमाल. बॅटरीवरही एक होता, आणि तो माझ्या आगाऊपणामुळे.

बाबा गेल्यावर आईने अंडी उबवायचं यंत्र घेतलं. पहिल्याच खेपेला वीज गेली आणि सगळी अंडी गारठून वाया गेली. "पुन्हा असं झालं तर हे घर बंद करून मुकाट्याने हरारेला तुझ्याकडे येते," ती म्हणाली. आईच्या तोंडी 'मुकाट्याने' हा शब्द ऐकून मला रडू फुटलं.

माझा नवरा गुमिसाई वायरमन. त्याने छपरावर सोलर पॅनल बसवले, खोलीत बॅटरी लावली आणि किती वीज उरली, किती खर्च होतेय, ते हरारेत स्वतःच्या फोनवर दिसेल अशी सोय केली. काही सांगायचं असलं की तो मला सांगे, मी आईला. आमच्यात जावई सासूला कसा सांगणार? समोर आली तर जमिनीवर बसायचं, टाळ्या वाजवून नमस्कार करायचा आणि नजर खाली ठेवायची. अकरा वर्षांत त्याने तिला एकदाही फोन केला नव्हता.

एकदा मी गमतीत म्हटलं, "आई, सकाळी सहाला पाणी तापवतेस ते गुमिसाईला कळतं हं."

"अगं बाई! जावयाला माझी अंघोळ दिसते?"

"अंघोळ नाही गं, विजेची रेघ दिसते."

"रेघ दिसली, मग उरलं काय?"

बिचारा गुमिसाई तर सहा वाजले की आपणहून फोन पालथा घालायचा. तरी दोन दिवसांत बॅटरीवर रुमाल आला, तोही दाट विणीचा. त्या रुमालाने फोनवरचं काहीच झाकलं नाही. वीज संपत आली की लागणारा बॅटरीचा लाल दिवा तेवढा झाकला.

जूनमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, धुक्याची झिमझिम तीन दिवस हटली नाही. गावची वीजही गेली. यंत्रात एकशेऐंशी अंडी, एकोणिसावा दिवस, पिल्लं निघायला दोनच दिवस. गुरुवारी सकाळी गुमिसाईने कामावर फोन उघडला, तर बॅटरी अठरा टक्के आणि खर्चाची रेघ एकदम वर चढलेली. गुरुवारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असते. आई तिच्या लाल ब्लाउजला इस्त्री करत होती. अजून दहा मिनिटं, की यंत्रही बंद. मी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीत कामावर, माझा फोन कपाटात. त्याने मला सात वेळा फोन केला.

मग त्याने टोपी काढली, सिमेंटच्या जमिनीवर मांडी घातली, आईचा नंबर लावून फोन समोर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. बरोबरचे कामगार हसून लोळले.

"अंबुया, नमस्कार करतो. मी गुमिसाई." सासूला आमच्यात मानाने अंबुया म्हणतात.

पलीकडे इस्त्री आपटली. "कोण गेलं? माझी सेकाई गेली?"

"नाही, नाही! सेकाई ठणठणीत आहे. पण इस्त्री चालू राहिली तर एकशेऐंशी जातील, अंबुया."

पलीकडे खट्कन बटण वाजलं. मग रेघ खाली आली.

"रुमालाखाली लाल दिवा लागलाय," आई पुटपुटली. "जावईबापू, तुम्ही ओरडलात का मला?"

"माझी काय बिशाद, अंबुया!"

"ओरडायला हवं होतं. आणि चांगलं मोठ्याने."

प्रार्थनेला ती तशीच गेली, एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली. "माई सेकाई, ब्लाउज घालूनच झोपली होतीस काय?" बायका म्हणाल्या. "जावयाने सांगितलं, इस्त्री पुरे," आई तोऱ्यात म्हणाली.

दुपारी धुकं फाटलं, ऊन पडलं. शनिवारी आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा घरभर चिवचिवाट होता. एकशेएकसष्ट पिल्लं! बॅटरी उघडीबोडकी होती आणि रुमाल पिल्लांच्या खोक्यावर, वारा लागू नये म्हणून.

"आता जावयाला सगळं दिसेल हं," मी डिवचलं.

"दिसू दे. पोराला आईचं कळलं तर बिघडलं कुठे? आणि मी काही हरारेला येत नाही आता."

दाराशी जमिनीवर बसलेल्या गुमिसाईने टाळ्या वाजवायला हात उचलले, पण आधी त्याला डोळेच पुसावे लागले.