ओसरीवरची मोजणी

एम.ए. व्हायचं तर कॉलेजात जावं लागतं, अशी माझ्या आईची समजूत होती. माझीही तीच होती. पण शाळामास्तरांना बाहेरून परीक्षेला बसता येतं असं कळलं आणि मी राज्यशास्त्राचा अर्ज भरून मोकळा झालो. नागपुरात खोली करून शिकण्याची ऐपत नव्हती, आणि जन्मभर पाढे म्हणून घेण्याची तयारीही नव्हती.

तेव्हा मी नागभीडपासून चार कोस आत, ब्रह्मपुरीच्या अंगाच्या एका धानाच्या गावात मास्तर होतो. शाळा म्हणजे एक लांब खोली, तिला ओसरी, मागे माझी खोली आणि समोर तलावाची पाळ. टपाल आठवड्यातून दोनदा, तेही पोस्टमनच्या मर्जीवर. वर्गमित्र नाहीत, प्राध्यापक नाहीत. 'सार्वभौमत्व' हा शब्द ज्याच्यापुढे उच्चारावा असं चार कोसांत कुणी नव्हतं. मी स्वतःशीच वाद घालायचो आणि स्वतःशीच हरायचो.

इथे मजेत आहे, असं मी घरी लिहायचो. ते साफ खोटं होतं. शनिवारी दुपारी मुलं गेली की सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. गाव वाईट नव्हतं. लोक रामराम करत, वांगी आणून देत; पण मास्तराशी बोलायचं काय, हे त्यांना सुचत नसे आणि मलाही नाही. रविवारी संध्याकाळी मला चक्क रडू यायचं.

मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. इंग्रजी वाचायचं आणि त्याचा अर्थ मराठीत बोलायचा, अशी माझी रीत. एका संध्याकाळी ओसरीवर ते चाललं होतं. राज्य कसं जन्माला आलं, हा धडा. आधी राजा नव्हता, कायदा नव्हता. मग सगळे लोक एकत्र आले आणि त्यांनी आपसात करार केला. पाणी प्यायला मी थांबलो, तर पायरीवर एक म्हातारा ढीवर जाळं विणत बसलेला. तलावात मासेमारी करणाऱ्या नऊ घरांतला हा सगळ्यांत वडील.

"काऊन थांबले, मास्तर? मंग त्या लोकाईनं काय केलं?"

"राजा नेमला, भाऊ. सगळ्यांनी होकार दिला."

"समद्याईनं? एखादा चूप बसला असन ना. त्याचं काय केलं?"

मी पान उलटून पाहिलं. "तसं काही दिलेलं नाही."

"मंग पुस्तक अर्धंच हाय तुमचं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

मी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशीही आला. पुढे दीड वर्ष तो रोज दिवेलागणीच्या आधी यायचा. कधी पळसाच्या पानात उकडलेले शिंगाडे आणायचा. मी वाचायचो, तो मध्येच अडवायचा. न्यायाधीशाला कोण नेमतं? त्याला कोण काढतं? काढणाऱ्याला कोण काढतं? उत्तर देता देता माझे अर्धे पेपर तयार झाले. माझ्या वर्गात एकच विद्यार्थी होता, आणि खरं सांगायचं तर तोच प्राध्यापकही होता. रविवारचं रडणं कधी थांबलं, ते कळलंदेखील नाही.

शेवटच्या परीक्षेच्या आधीचं वर्ष. धान निसवायला, लोंब्या धरायला आलं आणि पावसानं पाठ फिरवली. मालगुजारी नुकतीच गेली होती, तलाव मालगुजाराचा राहिला नव्हता, त्यामुळे तलावाचं पाणी कुणी किती घ्यायचं हे आता गावानंच ठरवायचं होतं. शेतकऱ्यांना सगळं पाणी धानाला हवं होतं. ढीवर म्हणत, खोल डोहातलं तेवढं राखा, नाही तर मासळी मरेल आणि उन्हाळ्यात आम्ही खायचं काय? बैठक शाळेच्या ओसरीवर बसली. दिवाळीची सुटी होती, जागा रिकामी होती.

त्या गावाची एक रीत होती. बोलणं संपत आलं की पाटील उठायचा आणि एकेकापुढे जाऊन विचारायचा, "मनात काई राह्यलं का?" प्रत्येकानं "नाई राह्यलं" म्हणायचं. एक जण जरी "राह्यलं" म्हणाला, किंवा नुसता गप्प राहिला, तरी सगळ्यांनी पुन्हा बसायचं. मग पुन्हा बिड्या, पुन्हा तेच बोलणं, पुन्हा पाटलाची फेरी. त्या वर्षी असे दोन दिवस गेले.

आणि मी आत तडफडत होतो. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी प्रातिनिधिक शासनपद्धतीवरचं आपलं पुस्तक मला पंधरा दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. विकत मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते हातानं उतरवून घेत होतो. चार दिवस उरले होते आणि निम्मं पुस्तक बाकी होतं. कंदिलाशी किडे इतके की काम दिवसाउजेडीच करावं लागे, आणि दिवसा ओसरीवर हा कल्लोळ. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा संयम सुटला. टाक हातात घेऊन मी बाहेर आलो.

"अहो, निवडणुकीत मत देऊन आलात ना तुम्ही?" मी ओरडलो. "मग तसंच करा की इथे. पाणी सोडायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

लोक हसले. पण मास्तरानं सांगितलं म्हणून हात वर गेले. मी टाकानं मोजले: सव्वीस. "आता नको म्हणणाऱ्यांनी." आठ हात. नववा ढीवर म्हणजे माझा म्हातारा; तो हात वर न करता खाली बघत बसला होता. त्याचं मत काय असणार हे मला ठाऊकच होतं. मी त्याला नको म्हणणाऱ्यांत धरून मोकळा झालो. "सव्वीस आणि नऊ. झालं." पाटील फेरीसाठी अर्धवट उठला होता, तो परत बसला. वर्गाची हजेरी घ्यायलासुद्धा मला याहून जास्त वेळ लागत असे.

आत जाऊन मी लोकमताचं प्रकरण उतरवायला घेतलं. पुस्तक वेळेत परत गेलं.

तलाव तळापर्यंत आटला आणि धान साधलं. ढीवर उन्हाळाभर जंगलात लाकूडतोडीला गेले. म्हातारा मात्र त्या सकाळनंतर ओसरीवर आला नाही. येईल, येईल, म्हणून मी पायरी झाडून ठेवायचो. त्याच्या घरी जाणं काही अवघड नव्हतं, चारशे पावलं असतील. पण मी काय चुकीचं केलं होतं? नियमानं तर वागलो होतो. ही घमेंड मला पाच महिने पुरली. एकट्यानं वाचलं, एकट्यानं नागभीडला चालत गेलो, छोट्या रुळांच्या गाडीनं नागपूरला जाऊन पेपर दिले. रविवारचं रडणं परत आलं.

भर पावसाळ्यात निकालाचं पत्र आलं. दुसरा वर्ग. मी ते चार वेळा वाचलं आणि सवयीनं पायरीकडे पाहिलं. मग आईला लिहिलं. पत्र खिशात ठेवून मी कितीदा तरी पाळीपर्यंत गेलो आणि परत आलो. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दिवाळीत पाण्याची बैठक पुन्हा ठरली. ओसरी भरली, पण ढिवरांपैकी एकही आला नाही. पाटील मला म्हणाला, "तुमचं आयकते थो बुढा. बलावून आना." मला निमित्तच हवं होतं.

म्हातारा अंगणात जाळं विणत होता. त्यानं खाट पुढे केली. मी पत्र काढलं. "भाऊ, पास झालो मी."

त्याचा चेहरा खरोखर उजळला. "लई चांगलं झालं! मोठे मास्तर झाले तुमी." कागद त्यानं दोन्ही हातांत धरला, मान हलवली आणि जपून परत दिला.

"चला ना ओसरीवर," मी म्हणालो. "सगळे थांबले आहेत."

त्यानं जाळ्याची गाठ पुरी केली. मग म्हणाला, "आमी कायले येवाचं, मास्तर? आमचे हात किती, तुमाले ठाऊक हाय. घरूनच मोजून घ्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. "चुकलं माझं, भाऊ," एवढंच मला म्हणता आलं. त्यानं आतून शिंगाडे आणून माझ्या हातावर ठेवले. पाहुण्याला देतात तसे.

मी परतलो तेव्हा ओसरीवरचे लोक धोतर झटकत उठत होते. पाणी सोडायचं ठरलं होतं. कसं ठरलं, म्हणून विचारलं तर पाटील हसला. "हात वर केले ना. तुमीच त शिकवलं." कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

अजून ऊन पायरीवर आलं नव्हतं आणि ओसरी रिकामी झाली होती. आवाज नाही, बिड्यांचा धूर नाही. आदल्या वर्षी मला हवी होती तशीच सकाळ. मी वही आणली, उतरवून घेतलेलं लोकमताचं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. संबंध पान वाचून झालं, तरी मध्ये कुणी अडवलं नाही.