रविवारचा फोन आणि ग्राफिक्स कार्ड

देवरीला बदली झाली तेव्हा आमचं वेगळं होणं कागदावर पूर्ण झालेलं होतं. बायको आणि मुलगी नागपूरला, मी इथे ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली धरायच्या, मलेरिया आहे की नाही ते लिहायचं, सिकलसेलच्या तपासण्या करायच्या, आणि संध्याकाळी हायवेच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत परत यायचं. मुलगी तेव्हा नववीत होती. रविवारी सकाळी तिचा फोन ठरलेला. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, तब्येत बरी आहे ना. तीही मला साधारण हेच विचारायची. चार-पाच मिनिटांत दोघांजवळचं सगळं संपायचं आणि "ठेवू का?" असं आधी कोण म्हणतं, याची आम्ही वाट बघायचो.

एका रविवारी तिच्या मागून कुऱ्हाडीने लाकूड तोडल्यासारखा आवाज आला. मी विचारलं तर म्हणाली, गेम आहे. मामाने तिला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. एका बेटावर उतरायचं, झाडं तोडून घर बांधायचं, अंधार पडला की जंगलातली जनावरं येतात त्यांच्यापासून ते घर राखायचं. दोन माणसं दोन वेगवेगळ्या गावांत बसून एकाच बेटावर राहू शकतात, हेही तिनेच सांगितलं. मी भीत भीतच विचारलं, मला येता येईल का त्या बेटावर?

"तुमच्या लॅपटॉपवर नाही चालणार, बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्ही स्वतः मशीन बनवू शकता. जास्त काही नाही, एक स्क्रू ड्रायव्हर लागतो."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.

नंतरचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यात बोलायला विषय होता. प्रयोगशाळेत दुपारी गर्दी ओसरली की मी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर यादी करायचो: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय. नवखा माणूस करतो तीच चूक मीही केली. सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड आधी लिहिलं आणि बाकीचं उरलंसुरलं त्याच्याखाली बसवलं. यादी तिला पाठवली. रविवारी तिने पहिला प्रश्न विचारला, मॉनिटर कोणता घेणार? मी म्हटलं, आहे ना जुना, दवाखान्यातल्या एकाने बदली होऊन जाताना दिलेला.

"मग एवढं मोठं कार्ड कायले पाहिजे?"

माझं गाव सालेकशाकडचं. तिकडचा 'कशाला'साठीचा हा शब्द नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या तोंडी आला आणि मी तिचं पुढचं बोलणं क्षणभर ऐकलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. चित्र रंगवायचं काम कार्डाचं, पण त्या चित्रात कोण कुठे चालतो, झाड कोणत्या बाजूला पडतं, हे प्रोसेसर ठरवतो. प्रोसेसर हळू असला तर कार्ड नुसतं त्याची वाट बघत बसतं. आणि दोघंही जोरात असले तरी जुना मॉनिटर जेवढं दाखवू शकतो तेवढंच दिसणार. म्हणून मधल्या ताकदीचा प्रोसेसर, मधल्या ताकदीचं कार्ड, रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या, आणि पॉवर सप्लाय मात्र चांगला. "एक पळून राहिला आणि दुसरा बसून राहिला, असं नको," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिच्या आईशी माझा संसार कसा चालला होता हे तिने पाहिलेलं होतं, पण ती मशीनबद्दलच बोलत होती आणि मीही मशीनबद्दलच ऐकलं.

खरेदीला एका शनिवारी सुट्टी टाकून आमगावमार्गे गोंदियाला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, हिंदीत बोलणारा. मुलासाठी घेताय का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं माझ्यासाठीच. त्याने माझ्या पिकत चाललेल्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "अकेले खेलेंगे?"

"नहीं. बेटी के साथ. वो नागपूर में है."

रंगीत दिवे लागणारा पॉवर सप्लाय काचेवर ठेवलेला होता, तो त्याने उचलून आत ठेवला आणि एक साधा काळा डबा काढून माझ्या हातात दिला. वजन बघा म्हणाला. देवरीहून आलोय म्हटल्यावर सांगितलं, तिकडे लाईट येते-जाते, व्होल्टेज वर-खाली होतं, हलका घेतलात तर तो जाताना कार्डालाही घेऊन जाईल. मुलीनेही मला हेच बजावलं होतं. परत येताना बसमध्ये खोके मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे त्यात? मी सांगितलं, कॉम्प्युटर. ती म्हणाली, "इतक्या डब्यात?"

मदरबोर्ड त्या दुकानात मिळाला नाही, तो कुरिअरने मागवला. गुरुवारी आला. आता काहीच यायचं राहिलं नव्हतं. रविवारी मुलीने विचारलं, आला का? आणि मी म्हणालो, नाही आला अजून.

असं का बोललो ते तेव्हा माझं मलाही नीट कळलं नव्हतं. भिंतीकडच्या पलंगावर खोक्यांची चळत होती. संध्याकाळी मी त्यातलं एखादं उघडायचो, माहितीपत्रक वाचायचो, पुन्हा घडी घालून आत ठेवायचो. पुढच्या रविवारीही मी तेच सांगितलं. तिने कुरिअर कंपनीला दोन शिव्या घातल्या, मग कॅबिनेटमध्ये हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते हे समजावलं, आणि अर्धा तास छान गेला. तिसऱ्या रविवारी ती जरा वेगळ्या आवाजात बोलली.

"बाबा, तुम्ही ट्रॅकिंगचा नंबर मला पाठवला होता. डिलिव्हर झालेला दिसून राहिला. केव्हाचाच."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"काऊन खोटं बोलले?"

"बनवून झाल्यावर तू माझ्याशी काय बोलशील, ते मला समजत नव्हतं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग म्हणाली, "व्हिडिओ लावा. स्क्रू ड्रायव्हर घ्या."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि खाली सतरंजीवर बसून आम्ही सकाळी दहाला सुरुवात केली. प्रोसेसर बसवताना काचपट्टीवर कव्हरस्लिपची पातळ काच अलगद ठेवायची सवय कामाला आली. "जोर नका लावू, नुसतं ठेवा," ती सांगत होती. रॅमच्या वेळी उलटं, "आता दाबा, घाबरू नका," आणि टक् आवाज आला तेव्हा दोघंही हसलो. दोनच्या सुमारास बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवा लागला, मॉनिटर काळाच. मी पुन्हा दाबलं. काळाच. तिने मला घाई करू दिली नाही. एकेक वायर फोनसमोर धरायला लावली. शेवटी मागची बाजू दाखवली तेव्हा तिला सापडलं: मॉनिटरची वायर मी ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डात लावली होती. वायर बदलली आणि पडद्यावर अक्षरं आली. तिच्या मागे तिची आई क्षणभर येऊन उभी राहिली, "झालं का?" म्हणाली आणि गेली. वर्षभरात तिने मला उद्देशून बोललेलं तेवढंच.

त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी बेटावर भेटू लागलो. मी वाईट खेळायचो, पाण्यात बुडायचो, ती येऊन मला बाहेर काढायची. पण लाकडं तोडता तोडता ती जे बोलायची ते फोनवर कधीच बोलली नव्हती. वर्गातल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण. आई रात्रपाळी करून आल्यावर चिडते ते. स्वतःला चष्मा लागल्याचंही तिने मला तिथेच सांगितलं, भिंत रचताना, लागल्यानंतर तीन आठवड्यांनी. मी खेळ थांबवून विचारलं, कोणता नंबर? ती म्हणाली, "बाबा, मागे बघा, अस्वल."

दहावी सुरू झाली आणि रोजचं आठवड्यावर आलं, मग महिन्यावर. शिकवण्या होत्या, तिचा दोष नव्हता. मी एकटाच बेटावर जाऊन छप्पर नीट करून यायचो.

परीक्षा झाल्यावर ती चार दिवस देवरीला आली. पहिल्यांदाच. माझ्यापेक्षा उंच झाली होती. मी तिला जवळपासचं जंगल, तलाव दाखवायचं ठरवलं होतं. एक दिवस गेलोही. बाकी वेळ ती त्या मशीनसमोर बसली, कानाला हेडफोन लावून, नागपूरच्या मैत्रिणींबरोबर दुसराच कुठलातरी गेम खेळत. मला तो येत नव्हता आणि त्यात चौघींचीच जागा होती. मी स्वयंपाकघरात भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण करत होतो. ती मोठमोठ्याने हसत होती. त्या घरात असं हसणं कधी झालं नव्हतं. मैत्रिणींपैकी कुणीतरी मशीनबद्दल विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "बाबांचं आहे. त्यांनी घरीच बनवलं. नाही, मस्त चालून राहिलं."

मी गॅस बारीक करून दारापर्यंत आलो. तिची पाठ माझ्याकडे होती. तिने मागे पाहिलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. काय, ते ठरलं नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो आणि आत जाऊन ताटं काढली.

चौथ्या दिवशी तिला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. घरी आलो तर मशीन सुरूच होतं, पडद्यावर तिचा गेम तसाच उघडा होता, पंख्याचा बारीक आवाज येत होता. खुर्ची तिने तिच्या उंचीला वर करून घेतली होती. मी बसलो तर पाय जमिनीला नीट टेकेनात. तशातच तिचा तो गेम बंद करायचं बटण शोधत राहिलो. बऱ्याच वेळाने सापडलं.