चौथा क्लब

आमचे भावोजी जन्मभर गाद्या विकत होते. त्यात वाईट काही नाही, कुणीतरी विकायलाच हव्यात. पण दुकान विकून टाकल्यावर या माणसाने जाहीर केलं की आता मी गोल्फ क्लबाचा सभासद होणार, तेव्हा मी बहिणीच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते आणि तो चहा माझ्या नाकातून आला.

हे स्वप्न कुठून आलं ते मला माहीत आहे. फार पूर्वी एका क्लबाच्या पाहुण्यांच्या खोल्यांसाठी भावोजींनी गाद्या पोचवल्या होत्या. मागच्या दाराने आत जाताना त्यांना व्हरांड्यात एक म्हातारा दिसला. वेताच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि वेटर त्याच्या बाजूने चवड्यांवर चालत होते. "टाचणी," भावोजी मला सांगत, "जगात अशी एक जागा आहे, जिथे माणूस आ वासून झोपतो आणि तरी लोक त्याला साहेब म्हणतात." टाचणी म्हणजे मी. मी टोचून बोलते असं त्यांचं म्हणणं आहे. मी खरं बोलते, आता ते कुणाला टोचत असेल तर त्याला मी काय करू?

बरं, गोल्फ येत होता का? तर शहराबाहेरच्या सरावाच्या मैदानावर वर्षभर चेंडू बडवून आले होते. घरी बोळात पाण्याचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू ढकलायचे. टोपी घेतली, काठ्यांची पिशवी घेतली, आणि एकाच हाताचा मोजा घेतला. दुसरा हरवला का, असं मी विचारलं तर म्हणाले, असाच असतो. असेल बाई.

आता माझ्या ताईचं ऐका. मला वाटलं, नवऱ्याचं हे खूळ ती दोन दिवसांत उतरवेल. पण क्लबाची सगळ्यात जास्त घाई तिलाच होती. दुकान गेल्यापासून भावोजी घरी होते, म्हणजे अगदीच घरी होते. सकाळी ती पेपर उघडायची की हे शेजारी येऊन मथळे मोठ्याने वाचायचे. तिने डबे लावले की हे उंचीप्रमाणे पुन्हा लावायचे. भाजी चिरताना सुरीला धार नाही म्हणायचे, आणि धार लावून आणली की बोट कापेल म्हणायचे. शेवटी एकदा तिने मला गॅलरीत ओढून सांगितलं, "कुठलाही क्लब चालेल गं, फक्त सकाळी लवकर उघडणारा हवा."

तर आम्ही तिघं क्लब निवडायला निघालो. गाडी भावोजींची, पण चालवली मी, कारण त्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं की ते रस्त्यापेक्षा दुकानांच्या पाट्या जास्त बघतात.

भावोजींची निवडीची पद्धत त्यांच्या धंद्यातली होती. गिऱ्हाइकाला ते उभ्या उभ्या गादी घेऊच द्यायचे नाहीत. बूट काढा, आडवे व्हा, डोळे मिटा, मग बोला. क्लबाचंही तेच केलं. मैदानाकडे ढुंकून बघितलं नाही, सरळ व्हरांड्यात गेले आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

पहिला क्लब शहरातला सगळ्यात जुना. कातडी खुर्च्या अशा की माणूस बसला की आत जायचा आणि बाहेर यायला त्याला हात द्यावा लागायचा. सगळे सभासद दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे गप्प. सचिवाने सांगितलं की एखादा सभासद वारल्याशिवाय जागा होत नाही. त्यानंतर भावोजी ज्याच्या-त्याच्याकडे इतक्या आपुलकीने बघू लागले आणि एका खोकणाऱ्या गृहस्थाची इतकी मनापासून चौकशी करू लागले, की मीच त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

दुसरा क्लब नवाकोरा, सगळीकडे काच. तिथे एका घट्ट कोटातल्या तरुणाने आम्हाला जीवनशैली समजावून सांगितली. भावोजींनी तेवढ्यात सोफ्यात अंगठा खुपसून पाहिला. "दोन वर्षांत बसेल हा," ते म्हणाले. त्या पोराला वाटलं क्लबच बसेल म्हणतायत, तो बिचारा नफ्याचे आकडे सांगायला लागला.

तिसरा क्लब गावकुसाबाहेर होता. फाटकाचा रंग उडालेला, हिरवळ जागोजागी टक्कल पडलेली, पण व्हरांडा लांबलचक आणि खुर्च्या वेताच्या, वर्षानुवर्षं माणसं बसून बसून बरोब्बर खोलगट झालेल्या. भावोजी एका खुर्चीत बसले. आम्ही वाट बघत उभ्या. थोड्या वेळाने त्यांचं तोंड उघडलं आणि घोरणं सुरू झालं. एक वेटर आला, थबकला आणि पाय न वाजवता निघून गेला.

"झालं," ताई म्हणाली. "हाच." तिचा चेहरा असा उजळला होता की मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही इतका उजळला नव्हता.

पण घोडं अडलं ते पुढे. या क्लबाची एक रीत होती. अर्जदाराला कमिटी एक अक्षर विचारायची नाही. त्याला समोर गप्प बसवायचं आणि त्याच्या घरच्या माणसाला विचारायचं की हा कसा आहे. बाहेर काय, सगळेच सभ्य असतात, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या. चांगली ठसठशीत बाई होती, मला आवडली.

मी मागच्या बाकावर बसले होते. भावोजी मधल्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात, शाळेत फोटो काढायला बसवल्यासारखे. ताई उभी राहिली.

आता हे सांगायलाच हवं की दुकानात गाद्या दाखवायचे भावोजी, पण विकायची ताई. गल्ल्यामागून उठून यायची, गादीवर हलकेच हात फिरवायची आणि चार वाक्यं बोलायची. ती ऐकून दारापर्यंत गेलेलं गिऱ्हाईक परत फिरलेलं मी पाहिलंय. तर ताईने भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सुरुवात केली.

"यांची सवय व्हायला एक आठवडा लागतो," ती म्हणाली. "मग दुसरं काही चालत नाही. इतकी वर्षं झाली, पण यांचा आकार बदललेला नाही. जेवढा भार टाकाल तेवढाच घेतात, जास्त दबत नाहीत, उलटून वरही येत नाहीत. आवाज अजिबात नाही. सकाळी नुसते शेजारी बसतात, एक शब्द बोलत नाहीत, पण दिवस चांगला जातो. उन्हाळ्यात तापत नाहीत. घरी आणल्यापासून मला एकदाही पस्तावा झालेला नाही."

कमिटीतले लोक पुढे सरकून ऐकत होते. एका गृहस्थाने तर, बहुधा स्वतःच्या बायकोच्या आठवणीने, सुस्कारा सोडला. मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. एकही शब्द खरा नव्हता. आवाज अजिबात नाही म्हणे! पण काय विकलं ताईने, वा! अध्यक्षीणबाईंनी डावीउजवीकडे पाहिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या म्हणाल्या, "अभिनंदन. उद्यापासून या."

एकच चूक झाली होती. गाद्यांचं गुणगान गायचं तर गादी ऐकत नसते. आणि हा माल समोर बसून सगळं ऐकत होता.

भावोजी उठले. डोळे भरून आले होते. उभ्या जन्मात कुणी त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं, ताई तर नाहीच. "माझा अर्ज मी मागे घेतो," ते म्हणाले. "अशी बायको घरात असताना रोज सकाळी इथे येऊन बसायला मी काय मूर्ख आहे?"

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. टाळ्यासुद्धा वाजल्या. मी ताईकडे बघितलं. गल्ल्यातले पैसे चोरीला गेलेले कळल्यावर माणूस दिसतो तशी दिसत होती.

मी गाडी फाटकाबाहेर काढली. मग मागच्या सीटवरून भावोजींनी हळूच विचारलं, "तू बोललीस ते... खरं ना गं?"

मी मनात म्हटलं, ताई, बोल. आत्ता बोललीस तर अजून गाडी वळवता येईल. ताई खिडकीबाहेर बघत होती. "खरंच," ती म्हणाली. मला इतका राग आला की मी उगीचच ब्रेक दाबला आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

तुम्हाला वाटेल, पुढे सगळं पहिल्यासारखं झालं असेल. तसं झालं नाही, त्याहून वाईट झालं. भावोजी त्या भाषणाप्रमाणे वागायला लागले. मी पुढच्या आठवड्यात गेले तर ताई खुर्चीत पेपर वाचत होती आणि हे शेजारच्या खुर्चीत, हाताची घडी, एक शब्द नाही. मथळे नाहीत, डबे नाहीत, सुरी नाही. नुसते तिच्याकडे बघून समाधानाने हसत होते. तिने पान उलटलं की हे मान थोडी तिकडे करायचे. ती गॅलरीत गेली की हे खुर्ची उचलून गॅलरीत. बोलणाऱ्या माणसाला गप्प बसा तरी म्हणता येतं.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, सांगून टाक ना त्यांना."

"काय सांगू?" ती कपबशा विसळत म्हणाली. "माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकून वागतोय." मग नळ बंद करून ती तशीच उभी राहिली. "मला एकदा माझ्या घरात एकटीला बसायचंय गं. लग्नाआधी एका खोलीत आपण सगळी भावंडं. मग सासू-सासरे, मग मुलं, मग दिवसभर दुकान. मेल्यावरसुद्धा चार माणसं बरोबर असणारच आहेत. मधे एखादी सकाळ तरी मिळावी की नाही? मला काही करायचं नाहीये. नुसतं बसायचंय." ती रडली नाही, पण मला रडू आलं.

मी वळले तर दारात भावोजी रिकामे कप घेऊन उभे. त्यांनी ते ओट्यावर ठेवले. "चहा छान झाला होता," म्हणाले आणि बाहेर गेले. ऐकलं की नाही, काही कळलं नाही.

दोन-तीन दिवसांत ताईचा फोन. आवाज ओळखू येईना, इतका हलका. "अगं, क्लबवाल्यांनी यांना परत बोलावलं! म्हणाले, असा सभासद आम्हाला सोडायचा नाही. रोज सकाळी टोपी घालून, काठ्या घेऊन जातात ते थेट जेवायच्या वेळेला येतात. जरा सावळेही झालेत."

"आणि तू काय करतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. मग हसली. "काहीच करत नाही गं मी."

मला मनापासून आनंद झाला. देव आहे म्हटलं, आणि क्लबवालेही देवमाणसं आहेत.

मग एक दिवस मी कामावर जाताना बस चुकली म्हणून पाण्याच्या टाकीमागच्या बागेतून आडवाटेने निघाले. ही बाग म्हणजे चार झाडं, एक मोडका झोका आणि सिमेंटची बाकं. एका बाकावर गोल्फची टोपी दिसली. खाली भावोजी. पायाशी काठ्यांची पिशवी, एका हातात मोजा.

मी तावातावाने गेले. माझ्या तोंडाला काही फाटक नाही. "क्लबाने परत घेतलंय म्हणे तुम्हाला?"

त्यांनी पिशवी सरकवून मला जागा करून दिली. "नाही घेत," ते म्हणाले. "मी गेलो होतो विचारायला. अध्यक्षीणबाई भेटल्या. म्हणाल्या, एकदा मागे घेतलेला अर्ज आम्ही पुन्हा घेत नाही. आणि वर म्हणाल्या, तुमची गोष्ट मी माझ्या नवऱ्याला सांगितली."

"मग इथे काय करताय?"

"बसतो. जेवायच्या वेळेला घरी जातो."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी क्लबात फार गर्दी असते असं मी तिला सांगितलंय. त्या दिवशी ती मुलीकडे जाते, मग मी घरी असलो तरी चालतं."

मी त्यांच्याशेजारी टेकले. ऊन बाकाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं आणि ते सावलीकडे सरकून बसले होते. "तिला यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. मग मोज्याचं बटण उघडलं, लावलं, परत उघडलं. "तुझ्याशी बोलते ती. कसं वाटतंय तिला? म्हणजे, मी नसतो तेव्हा?"

मी खोटं बोलू शकले असते. तुमच्यावाचून करमत नाही म्हणते, असं सहज म्हणता आलं असतं, आणि त्यांनी ते घेतलंही असतं. मग ते उठून घरी गेले असते.

"फार छान वाटतंय तिला," मी म्हटलं.

"हो ना?" ते म्हणाले. "मला वाटलंच." थोडा वेळ ते समोरच्या मोडक्या झोक्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी मला किती वाजले ते विचारलं. जेवणाची वेळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.